लेतुकाचं पळून गेलेलं शेत

लेतुकाचं शेत दर पावसाळ्यात थोडं थोडं खाली उतरतंय, हे एक लेतुका सोडून अख्ख्या हा-लेकेताला माहीत होतं.

हा-लेकेता हे माखालेंग नदीच्या खोऱ्यातलं आमचं गाव. वर डोंगर, मधे उतारावर शेतं आणि खाली नदीकडे पळत सुटलेल्या घळी. उतारावर वरच्या अंगाला लेतुकाचं शेत आणि त्याला लागून खाली मापुसेलेत्सोचं. एवढं लांबलचक नाव कोण घेतो? सगळे तिला मापुसे म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरं शहरात. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला उरक भारी.

लेतुका उमेदीची सगळी वर्षं सोन्याच्या खाणीत काढून गावी परतला होता. येताना त्याने तीन गोष्टी आणल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक खोकला आणि एक पिवळं हेल्मेट. सोनं काही वाट्याला आलं नव्हतं, म्हणून त्याने एक गाढव घेतलं आणि त्याचं नाव खाउता ठेवलं. खाउता म्हणजे सोनं. "निदान हाक तरी मारता येते," असं तो म्हणायचा.

हेल्मेट मात्र त्याच्या डोक्यावरून कधी उतरलं नाही. थंडीत आत लोकरी टोपी आणि वर हेल्मेट, खांद्यावर ब्लँकेट, असा तो चर्चमध्येही जाऊन बसायचा. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे. एकदा फादर म्हणाले, "न्ताते लेतुका, देवाच्या घरात टोपी काढून बसतात."

"ही टोपी नाही, फादर. छप्पर कोसळलं तर?"

फादरनी वर छताकडे पाहिलं. तिथली एक तुळई त्यांनाही हल्ली पटत नव्हती. त्यांनी विषय सोडून दिला.

तर असा हा लेतुका आपलं शेत उभ्या उताराने नांगरायचा. वरून खाली, खालून वर. त्याच्या बापाने तसंच नांगरलं होतं आणि शिवाय त्याचं म्हणणं असं, की बैलांना आपण कुठे चाललोय ते समोर दिसलं पाहिजे. पाऊस आला की त्या उभ्या सऱ्यांमधून पाणी असं धावायचं, जशी काही त्याच्यासाठी मुद्दाम वाट करून ठेवलीय.

शेतकी खात्याचा थेबे नावाचा माणूस घोड्यावरून आमच्या भागात फिरायचा. त्याने एकदा लेतुकाच्या शेतात आडव्या ओळीने खुंट्या मारून दिल्या.

"न्ताते, या खुंट्यांच्या रेषेत आडवं नांगरा. बांध घाला. नाहीतर तुमची माती माखालेंगमधून मोठ्या नदीत आणि तिथून थेट दक्षिण आफ्रिकेत जाणार."

"मला जायला पास लागायचा," लेतुका म्हणाला. "मातीला सीमेवरून कोण सोडतंय? आणि हे बघा, मी जमिनीच्या पोटात शिरून काम केलंय. जमीन कशी असते ते घोड्यावर बसून मला सांगू नका."

संध्याकाळी त्याने सगळ्या खुंट्या उपटल्या आणि त्यांच्यावर पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, शिजवला. दुसऱ्या दिवशी थेबे भेटला तेव्हा त्याला आवर्जून सांगितलंही, "छान जळतात. पुढच्या वेळी जरा जाड आणा."

थेबे रागावला नाही. तो तसाच खाली मापुसेच्या शेतावर गेला. तिने त्याचं बोलणं ऐकून घेतलं, आपल्या शेताच्या वरच्या कडेला आडवा बांध घातला, दगड रचले आणि त्यावर घायपात लावली. वरून जे काही वाहून येई ते तिथे अडे. काही वर्षांत असं झालं, की मापुसेच्या शेतात कुदळ मारली तर दांड्यापर्यंत आत जायची आणि लेतुकाच्या शेतात मारली तर ठिणगी उडायची.

"खाणीत राहून हात तयार झालाय माझा," लेतुका ठिणगीकडे बघून सांगायचा. "जोर बघा."

मग एका वर्षीचा जानेवारी आला, म्हणजे आमच्याकडचा भर पावसाळा. लेतुकाने शेताच्या खालच्या अर्ध्यात भोपळे लावले होते आणि ते चांगले धरलेही होते. एका दुपारी डोंगरावर ढग काळेठिक्कर झाले, आधी गारा पडल्या आणि मग असा पाऊस, की शेजारच्या घरातली हाक ऐकू येईना.

सकाळी लेतुका हेल्मेट चढवून बाहेर आला. शेतात भोपळे नव्हते. वेलही नव्हते. वेल ज्या मातीत होते ती मातीही नव्हती. त्याने खाली पाहिलं. मापुसेच्या घायपातीला टेकून त्याचे भोपळे रांगेत बसले होते. आणि त्यांच्या मधोमध त्याचं बुजगावणं, त्याचाच जुना खाणीतला कोट घालून, दोन्ही हात पसरून उभंच्या उभं होतं. आजपासून मापुसेकडे नोकरीला लागल्यासारखं.

लेतुका धडपडत खाली आला.

"म्मे मापुसे! माझे भोपळे!"

"हो, पहाटेच आलेत," मापुसे म्हणाली. ती अंगण झाडत होती. "मी बोलावलं नव्हतं."

"आणि माझी माती?"

"ती तर कित्येक वर्षं येतेय, न्ताते. तुम्ही कधी चौकशीला आला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला नकोय."

लेतुका तिथूनच तडक चावडीवर गेला.

आमच्या गावची मोरेना, म्हणजे गावप्रमुख, मालिनेओ ही अंगाने भरलेली, सावकाश बोलणारी बाई. दावा चालू असताना ती स्वेटर विणत बसायची आणि कुणी खोटं बोललं तरच मान वर करायची. त्यामुळे बोलणाऱ्याचं सगळं लक्ष तिच्या सुयांकडे असायचं. त्या दिवशी अख्खं गाव ब्लँकेटं पांघरून भिंतीच्या कडेने बसलं होतं.

"मोरेना," लेतुका उभा राहून म्हणाला, "या बाईच्या शेताने माझं शेत पळवलंय. ते परत मिळालं पाहिजे. हिच्या नावाचा अर्थच भरपाईची आई आहे. मग करा म्हणावं भरपाई!"

मागून म्हातारा त्लाली ओरडला, "पळवून नेलं असेल तर सहा गुरं बसतात! पोरगी पळवली की हाच रिवाज आहे!"

"मी कशाला पळवते?" मापुसे फणकारली. "आपल्या पायांनी आलं ते. आणि मोरेना, आलं तेव्हा त्याच्या अंगावर धड कपडा नव्हता हो. गवताची एक काडी नाही! माझ्या घरी आलं तेव्हा कुठे त्याला पांघरूण मिळालं."

मोरेनाची मान वर झाली नाही. म्हणजे हे खरं होतं.

"भटकं जनावर दुसऱ्याच्या दावणीला सापडलं," मोरेना विणता विणता म्हणाली, "तर मालकाने कानाची खूण सांगायची आणि घेऊन जायचं. न्ताते लेतुका, तुमच्या मातीच्या कानाला काय खूण आहे?"

लेतुकाने विचार केला. "ती लाल आहे."

"इथे सगळीच लाल आहे."

"माझी जरा जास्त लाल आहे."

मोरेनाने मान वर केली.

तेव्हा मापुसेच उठली. "खूण मी देते. उगाच मला चोर म्हणायला नको." तिने पिशवीतून एक डाव्या पायाचा गमबूट काढला. मग एक डब्याचं झाकण. आणि मग फडक्यात नीट गुंडाळलेली एक दातांची कवळी.

लेतुकाची कवळी नांगरताना शिंक येऊन उडाली होती आणि तेव्हापासून, पापा चावायचा नसतोच, जिभेने दाबून गिळायचा असतो, असं तो जगाला सांगत आला होता.

"ही... ही तुमच्याकडे?"

"माझ्या मक्यात सापडली. मी भिऊन ओरडले होते, न्ताते. मला वाटलं खाली बाकीचा माणूसही आहे."

लेतुकाने कवळी ब्लँकेटला पुसली आणि तिथेच तोंडात बसवली. "हं," तो म्हणाला. आवाज टक्कन आला. मागची पोरंटोरं हसून आडवी झाली.

"दात मालकाच्या तोंडात बसले," मोरेनाने निकाल दिला. "म्हणजे माती न्ताते लेतुकांची. मक्याची कापणी झाली की त्यांनी ती न्यावी. स्वतःच्या पाठीवर आणि स्वतःच्या गाढवावर. भटकं जनावर सांभाळल्याबद्दल भोपळे म्मे मापुसेंचे."

लेतुका जिंकला होता. घरी पोचेपर्यंत तो त्या खुशीत होता. दारात आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण जिंकलो ते उतारावरून वर वाहून न्यायचंय.

हिवाळा आला, मका निघाला आणि लेतुका फावडं, जुनी पोती आणि खाउता घेऊन कामाला लागला. गावाला त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं. लोक स्टुलं घेऊन बघायला येत. म्हातारा त्लाली तर ज्वारीच्या दारूचा मगच घेऊन बसायचा.

खाउताच्या पाठीवर पोती चढली की लेतुका त्याला सरळ वर हाकायचा आणि खाउता सरळ वर जायचं साफ नाकारायचा. ओढलं, ढकललं, खाणीतली गाणी म्हणून दाखवली, साखरेचं आमिष दाखवलं. खाउता आपला आडवा निघायचा. शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश चालत जायचा, तिथे वळायचा, जरा वर सरकायचा आणि पुन्हा आडवा.

"अरे गाढवा, घर वर आहे! डोळे फुटले का?"

"त्याला नको शिव्या देऊ," त्लाली खालून ओरडायचा. "दोघांपैकी एकाला तरी डोकं आहे!"

त्यात पोती जुनी, उंदरांनी कुरतडलेली. भोकांतून वाटभर माती सांडायची. रोज त्याच वाटेने जाऊन जाऊन शेतात आडव्या पायवाटा पडल्या, खुरांनी चेपून घट्ट झाल्या आणि वाटेच्या कडेला सांडलेल्या मातीची वळकटीसारखी रांग तयार झाली. लेतुका कपाळाला हात लावायचा. अर्धी माती पोचायच्या आधीच संपत होती.

मापुसे कधीमधी पापा आणि रानभाजी घेऊन यायची. "माझ्याकडची माती नेताय, तर निदान माझ्याकडचं खाऊन न्या. मधेच पडलात तर तुम्हालाही मलाच वर पोचवावं लागेल."

एक दिवस ताटात शिजवलेला भोपळा होता. लेतुकाने ओळखला.

"हा माझाच भोपळा आहे."

"म्हणून तर वाढलाय. दात आहेत ना आता? चावा."

ऑक्टोबरात पहिला मोठा पाऊस आला तेव्हा लेतुका शेताच्या कडेला हेल्मेट घालून उभा होता. वर पसरलेली माती पाण्याबरोबर निघाली. हिवाळाभर पाठ मोडून आणलेली माती, निरोपही न घेता. पण ती माती खाउताच्या वाटेपाशी आली आणि थांबली. सांडलेल्या मातीच्या रांगेला अडली, पसरली, खाली बसली. पाणी तिथे जरा वेळ उभं राहिलं. खालच्या वाटेवरही तसंच.

"थांबली!" लेतुका ओरडला. "खाउता, थांबली रे!" आणि तो भर पावसात त्या गाढवाच्या गळ्यात पडला. खाउताने कान पाडले. त्याला भिजायला मुळीच आवडत नसे.

आता खाउताच्या वाटा तशा आडव्या होत्या, पण सगळ्यात मोठी वाट शेवटी, गोठ्याच्या बाजूला, थोडी कलती होती. अडलेलं सगळं पाणी त्या टोकाला जमलं, रांग फोडून बाहेर पडलं आणि एकगठ्ठा तिथेच खाली असलेल्या मोरेनाच्या अंगणात शिरलं.

मोरेनाकडे दुसऱ्या दिवशी जेवणावळ होती. दारूचा मोठा माठ अंगणात झाकून ठेवला होता. तो उचलला गेला आणि फाटकातून डौलात तरंगत निघाला. कोंबड्या ओरडत छपरावर चढल्या. त्लाली आणि त्याचे दोन दोस्त आरडाओरडा ऐकून धावत आले आणि कोंबड्यांकडे ढुंकूनही न बघता माठाच्या मागे पाण्यात शिरले. मोरेना दारात गुडघाभर पाण्यात उभी होती, विणकाम डोक्यावर धरून.

"लेतुका!" ती ओरडली. न्ताते वगैरे काही नाही.

सकाळी चावडी भरली. ओल्या घरातून आलेल्या मोरेनाच्या हातात त्या दिवशी सुया नव्हत्या.

"पाणी माझंच होतं कशावरून?" लेतुकाने हळूच विचारून पाहिलं. "खूण..."

"खूण विचारू नका. माझ्या बिछान्यात तुमच्या शेतातला बेडूक होता."

मोरेनाने थेबेला बोलावणं पाठवलं.

थेबे आला तो तीन काठ्यांची घोडी घेऊन. दोन पाय, मधे आडवी काठी आणि वरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. ती घोडी टाकत टाकत तो खाउताच्या वाटेवरून चालत गेला आणि अख्खं गाव त्याच्या मागून.

"बरीचशी बरोबर आहे," थेबे म्हणाला. "गाढवाला चढ नको असतो, म्हणून ते सपाटी धरून चालतं. मी खुंट्या मारल्या होत्या त्याही इथेच आसपास होत्या, न्ताते."

"त्या खुंट्या..." लेतुका म्हणाला.

"जळाल्या. माहीत आहे. फक्त इथे शेवटी वाट खाली उतरलीय."

"तिथून त्याला गोठा दिसतो," लेतुका म्हणाला. "जेवायची घाई असते. तेवढं पोटात घाला."

थेबे हसला, मग सगळ्यांकडे वळला. "एकट्या न्तातेंच्या शेतात बांध घालून भागणार नाही. पाणी डोंगरावरून येतं, तर काम डोंगरापासून सुरू करायचं. वर त्याला थोडं अडवा, मधे थोडं, खाली घळीत थोडं. पाण्याला पळू द्यायचं नाही, चालायला लावायचं. चालणारं पाणी माती उचलत नाही आणि मोरेनाचा माठही नेत नाही."

हे शेवटचं त्लालीला ताबडतोब पटलं. कामाला पहिलं नाव त्यानेच दिलं.

मोरेनाने हुकूम काढला, घरटी एक माणूस. लेतुकाला शिक्षा म्हणून सगळ्यात वरच्या ताली रचायला धाडलं. डोंगरावर दगडांच्या आडव्या ओळी बसल्या, मधे चर खणले, गुरांना तिकडे बंदी झाली. थेबेने पुन्हा खुंट्या मारल्या तेव्हा त्लाली ओरडला, "मोजून ठेवा हो! हा माणूस त्यावर स्वयंपाक करतो!"

घळीत लावायला घायपातीची पिल्लं हवी होती आणि ती फक्त मापुसेकडे होती. लेतुका मागायला गेला.

"नीट मागा," मापुसे म्हणाली.

"म्मे मापुसे, कृपा करून घायपात द्या."

"कवळी घालून या. काही कळलं नाही."

तो घरी जाऊन कवळी घालून आला.

सगळ्यात छळलं ते बैलांनी. जन्मभर उभं नांगरलेले बैल, त्यांना आडवं चालणं म्हणजे काहीतरी चूक वाटायची. चार पावलं आडवी टाकली की सवयीने खाली वळायचे आणि लेतुका नांगरासकट त्यांच्या मागे घसरत जायचा. शेवटी मापुसे पुढे होऊन बैलांना मक्याची कणसं दाखवत उलट्या पावलांनी चालायला लागली, तेव्हा कुठे पहिली आडवी सरी पडली. ती नागमोडी होती.

पुढची काही वर्षं अशीच गेली. बांधांमागे माती साठत गेली, शेताला पायऱ्या आल्या, घळीत गवत उगवलं. लेतुकाची कुदळ ठिणगी उडवायची थांबली आणि आपल्या जोराला काय झालंय म्हणून तो हातच चोळत बसला, मग उमगलं की खाली माती आलीय. पण त्यानंतर तो माणूस असह्य झाला. लग्न असो, मयत असो, लेतुका कुणाला तरी कोपऱ्यात गाठून उताराबद्दल बोलत असायचा. एका रविवारी फादर जलप्रलयाची गोष्ट सांगत होते, तर हा मधेच उठला.

"फादर, नोहाने वरून ताली घालायला सुरुवात केली असती, तर एवढी मोठी होडी लागलीच नसती."

"बसा, न्ताते लेतुका."

"मी आपलं सांगितलं."

त्याच सुमारास त्याने मापुसेला एक गोष्ट विचारली. बरेच दिवस मनात घोळवून, हेल्मेट चकचकीत पुसून, तिच्या अंगणात जाऊन.

"म्मे मापुसे, आपली शेतं इतकी वर्षं एकमेकांकडे जाऊन-येऊन आहेत. आता मधे त्या घायपातीचीच काय ती भिंत उरलीय."

"मग?" मापुसे शेंगा सोलत म्हणाली. "ती मी काय शोभेला लावलीय?"

लेतुकाने मान डोलावली. उत्तर त्याला अगदीच अनपेक्षित नव्हतं. शेंगा सोलून होईपर्यंत तो बसला आणि त्यातल्या निम्म्या त्यानेच सोलल्या.

आणि मग एका वर्षी, पाऊस सरल्यावर, मापुसे स्वतः चावडीवर आली. मोरेनाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मोरेना, माझा दावा आहे. न्ताते लेतुकांवर."

"आता काय केलं त्यांनी?"

"काही करत नाहीत, हाच दावा आहे! इतकी वर्षं वरून माझ्याकडे माती यायची. यंदा मूठभर आली नाही. सगळी वर अडवून बसलेत. माझ्या शेताला ती खायची सवय झालीय. माझा मका बघा, कसा रोडावलाय."

लेतुका भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा असा फुलला, की हेल्मेट मागे सरकलं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मातीसाठी भांडत होतं.

मोरेनाने विणकाम मांडीवर ठेवलं. तिने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "मी या दोन शेतांमधे परत पडणार नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." आणि ती उठून चहाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेतुकाने आपल्या सगळ्यात जुन्या बांधामागची काळसर, भुसभुशीत माती एका कोऱ्या पोत्यात भरली. ते पोतं खाउतावर लादलं आणि तो खाली निघाला. खाली जायचं असूनही खाउता आडवाच चालला, त्यामुळे पोचायला वेळ लागला.

मापुसे अंगणातच होती. लेतुकाने पोतं उतरवून तिच्यापुढे ठेवलं आणि त्याच्या तोंडाची दोरी सोडली.

"घ्या. तुमच्या शेताला."

मापुसेने हात कोपरापर्यंत आत घातला. मूठभर माती बाहेर काढली, नाकाशी नेली, बोटांत चुरली.

"खडे आहेत," ती म्हणाली.

"कुठेत खडे?"

"हा काय. आणि हा."

लेतुकाने वाकून पाहिलं. खरंच होते, बारीक बारीक. मापुसेने आतून एक रुंद सूप आणलं, त्यात माती ओतली आणि शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. मग दोघं उन्हात बसून, डाळ निवडावी तशी ती माती निवडायला लागली.